लोव्हिनाने मला बुडालेलं पाहिलं

मी, अझेल विक्सम, वय बावीस, राहणार टॅनर्स फोर्ड, न्यूयॉर्क राज्य, राजीखुशीने या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गाव मात्र मला मेलेला धरून चालते.

जानेवारीत कोठारात भरलेल्या, श्रद्धा जागवणाऱ्या संजीवन सभेत माझी वाग्दत्त वधू लोव्हिना पीस किंचाळून कोसळली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "अझेल नदीकाठी पडलाय. भिजलेला. डोळे उघडे." उपदेशक स्प्रेग गरजले, "प्रभूने दाखवलंय!" तेव्हापासून सुतार मला शवपेटीसाठी नजरेने मापतो. आईने माझा कोट धाकट्याला दिला. लोव्हिना काळे कपडे घालते. संध्याकाळी खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला की मीच दचकतो.

कलम १. कॉलेज मी अर्ध्यात सोडले ते लोव्हिनापायी. ग्रीक पुस्तके धाकट्या सिलसला. वाचलीच पाहिजेत असे नाही.

कलम २. फिडल जोथममामाला. स्प्रेग तिला सैतानाची पेटी म्हणतात, म्हणून मामाने ती त्यांच्याच खिडकीखाली वाजवावी.

कलम ३. घोडी लोव्हिनाला. इतर कोणाचा तिच्यावर हक्क राहणार नाही.

कलम ४. स्प्रेग यांना काहीही नाही. माझे प्रेतही नाही. ते कोठारात मांडून पोरीबाळींना रडवायचे नाही.

उद्या सगळे प्रार्थनेला बसले की मी नदी चालत ओलांडणार. नदीवर मार्चचा, वितळू लागलेला बर्फ; खालून कण्हल्यासारखा आवाज येतो. पोचलो तर दृष्टान्त खोटा, मग लग्नाला अडचण कसली? हेच सांगायला आज लोव्हिनाकडे गेलो.

"वेड लागलंय का रे तुला?"

"मेलेल्या माणसाशी बोलतेस, आणि वेडा मी?"

ती हसली नाही. "तू बुडावास असं वाटतं का मला? पण आई गेल्यापासून देव एकदाच बोलला रे माझ्याशी. तू पोचलास, तर मग कोण बोललं?"

मी तिच्या दारातूनच परत फिरलो. घरी येऊन पुढचे लिहिले.

कलम ५. हे कलम फक्त साक्षीदारांनी वाचावे, चारचौघांत नाही. मी पलीकडे जिवंत पोचलो, तर मागे न वळता पश्चिमेकडे चालत राहीन. तरीही मी बुडालो असेच सांगावे, आणि हे मृत्युपत्र अमलात आणावे.

सही: अझेल विक्सम
साक्षीदार: डॅनफर्थ लूमिस, नावाडी, पर्सिस लूमिस, त्यांची पत्नी
टॅनर्स फोर्ड, शनिवार, १७ मार्च १८२७