सत्काराची टोपी

गदग, ४ जून १९९४

चि. शिवयोगीस अ. आ. वि. वि.

बालगुन्हेगारी रोखण्याची तुझ्या खात्याची नवी योजना पोचली. कोर्टामागच्या वस्तीतली मुलं 'वाट चुकण्याची शक्यता असलेली' ठरली आहेत. अजून चुकली नाहीत, पण सरकारला घाई. प्रत्येकाला पिवळी टोपी, घराबाहेर घालायचीच.

मंजव्वाचा बसू सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला शिकत होता. मालकानं टोपी बघितली आणि हवेचा पंपसुद्धा आत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बसूला येऊ नको म्हणाला. मंजव्वा मला विचारते, अक्कावरे, माझ्या लेकानं केलंय काय ते तरी सांगा. मी इथली बालकल्याण अधिकारी; काय सांगू?

टोपी रद्द कर. कल्पना तुझीच, ओळखली मी. लहानपणी मांजरीच्या गळ्यात घंटा बांधलीस, ती बिचारी उंदरांवाचून उपाशी राहिली.

तुझी नीलक्का

बंगळुरू, ११ जून

ती. नीलक्कास सा. न. वि. वि.

मांजर विसरलो नाही, तिचे बोचकारेही. पण टोपी मंत्रिसाहेबांना फार आवडलीय. मुलं लांबून ओळखू येतात म्हणतात. २६ तारखेला ते गदगला उद्घाटनाला येताहेत, मागे मी आहेच. सत्कार तुझ्याकडे. डोक्यावर म्हैसुरी पेटा, शाल, फळांची करंडी. एवढं कर आणि बोलू नकोस. बिदरची जागा रिकामी असल्याचं साहेबांनी मला दोनदा ऐकवलंय. तुझ्या गुडघ्यांना तिथली थंडी सोसायची नाही.

मायेवर हक्क सांगणारा, शिवू

गदग, २७ जून

चि. शिवूस अ. आ.

काल जेवलाही नाहीस. पेटा राहून गेला असं साहेबांना सांगू नकोस, राहिला नव्हता. आपल्याकडे सत्काराला उठलेला माणूस डोक्यावर काय येतंय ते बघतो कुठे? नाव पुकारलं की मान आपोआप खाली. साहेबांची झाली, तुझीही झाली. दोघांना पिवळा रंग शोभला हो.

मंडप हसला तशी साहेबांनी टोपी उपटून फेकली. मग मी माइकवर मुलांना एवढंच म्हटलं, की बाळांनो, साहेबांनी काढली, आता तुम्हीही काढा. यात गैर काय?

नीलक्का

बंगळुरू, ५ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

फोटो सगळ्या पेपरांत आला. साहेबांच्या नातवानं विचारलं म्हणे, अज्जा, तुम्ही चोरी केलीत की करणार आहात? टोपी रद्द झाली. तुझी बदलीही झाली, बिदर. आदेश मलाच काढायला लावला. शिव्या घाल, पण उत्तर पाठव.

शिवू

गदग, ९ जुलै

चि. शिवूस अ. आ.

शिव्या समोरासमोर घालीन, कागदावर चव जाते. बसू दुकानात परतला. मालकाला मी समजवायला गेले नाही. त्यानं पेपर वाचला. मंजव्वानं प्रवासाला कडक रोट्या आणि शेंगाचटणी बांधून दिलीय. गुडघ्यांना तेल घेतलंय.

उरलेल्या टोप्याही घेतल्यात. बिदरला उद्घाटनं होतच असतील.

माया आहे तशीच राहू दे, तिची बदली करू नकोस.

तुझी नीलक्का