माळावरची काठी

सोलापूर, सन १९३१

ज्ञानूदादा, धाकट्या सिद्धनाथचं डोकं तुझ्या पायावर.

मी गिरणीत पगारासाठी आलो न्हाय, पळून आलोय. मेंढ्या घेऊन सांगोल्याकडच्या माळावर होतो, तितं भर दुपारी नऊ जण गोल उभे दिसले. बाभळीएवढे उंच, सावली कुणाचीच पडत नव्हती. ते देव न्हाईत, दादा. म्हणाले, "आमी दुसऱ्या चांदणीवरचे. आमची जात माणसाच्या आधीपासून या जमिनीखाली झोपलीय. तिच्या राखणीला निवडलेले आमी नऊच."

त्यातला म्हातारा खाली बसाया लागला, तशी मी त्याची काठी धरली. आपल्यात धरतातच की. म्हातारा बसला आणि मातीच झाला. बाकीचे आठ माझ्यापुढं वाकले. "काठी घेतली म्हणजे राखण घेतली. आता हजार वर्सं." मी काठी टाकून पळालो.

काल जेवणाच्या सुट्टीत त्यातला एक गिरणीच्या फाटकाशी उभा होता. आमच्यावरचा मुकादम, जाबर, मला म्हणाला, "भिंतीकडं काय बघतोस रं, लगीन लावतोस का तिच्याशी?" त्याला कुणी दिसलंच न्हाय. मला मात्र ऐकू आलं, "जागा रिकामी ऱ्हात न्हाय. तू न्हाय, तर तुझा भाऊ."

काठी दिसली तर शिवू नको, एवढं कळवाया बसलो होतो. पण तुला मी वळखतो. मला सोडवाया तू मुद्दाम जाऊन उचलशील. म्हणून हे पत्र टाकत न्हाय. दुपारच्या गाडीनं मीच माळावर जातो. घरी येणार न्हाय, आईला बघितलं तर पाय निघायचा न्हाय.

भ्यालेला, तुझाच
सिद्धनाथ