'ब'च्या खणातले कार्ड

मी, जोतीराम केरबा पुकळे, वय ६८, मूळचा माण तालुक्यातला, हल्ली राहणार तासगाव, जिल्हा सातारा, येथील वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल, डोके ताळ्यावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणी न सांगता हे लिहून ठेवतो. मिरजेच्या डॉक्टरांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. त्याआधी एक कार्ड दुरुस्त व्हावे, एवढीच तळमळ आहे.

१. राहते घर पत्नी अंजना हिचे. पुतण्या गुंडा याने त्यावरून भांडू नये. त्याला माझी सायकल दिली आहे. घंटी वाजत नाही, तेव्हा ओरडत जावे.

२. लेखकांच्या कार्डांचे सागवानी कपाट मी पदरमोड करून करवले. ते वाचनालयाला द्यावे, पण अटींवर.

कार्डावर आधी माणसाचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. पदवी शेवटी, कंसात. हा नियम मी सत्तावीस वर्षे पाळला. त्यामुळे अध्यक्ष रावसाहेब भाऊसो निकम यांचे शिकारीवरचे पुस्तक 'भ'च्या खणात आहे. (त्यात वाघ एकच, तोही आधीच मेलेला.) दर सोमवारी ते गुपचूप आपले कार्ड 'र'मध्ये नेतात, मंगळवारी मी, निवृत्त झालो तरी, परत आणतो. एकदा चिडून म्हणाले, "पुकळे, सरकारनं दिलेली पदवी हाय. शेपटाला का बांधताय?"

मी म्हणालो, "रावसाहेब, बारशाला हेच नाव ठिवलं हुतं व्हय?"

माझ्यामागे मंगळवारचे काम कोणीतरी चालू ठेवावे.

३. माझ्या नावाआधी कैलासवासी लावू नये. कार्ड 'क'मध्ये जाईल आणि तिथे आधीच गर्दी आहे.

४. आता माझी लबाडी. मेंढरांच्या आजारांवरच्या पुस्तकावर लेखक म्हणून माझे नाव आहे. त्यातला शब्दन् शब्द अंजनाने सांगितला. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी उतरून घेतला. सांगेल तो लेखक, हा नियम मीच इतरांना शिकवत असे. छापखान्याने माझे नाव घातले. मी मजकुरातल्या चुका काढल्या आणि नाव तसेच राहू दिले. लोक माझी वाहवा करायचे, तेव्हा ती चहा आणून ठेवायची. मला याची फार लाज वाटते.

लग्नात तिचे नाव बदलले. माहेरी ती बना. म्हणून काल विचारले, कार्ड कुठल्या नावाने करू?

भाकरी थापता थापता म्हणाली, "अंजना तुमी ठिवलं. मेंढरं बानं शिकवली, तवा मी बना हुते. बना घाला." मग तव्याकडे बघत म्हणाली, "लय उशीर केलासा."

५. तेव्हा 'ब'च्या खणात नवे कार्ड, तिच्या बापाच्या नावासह: बना धुळा. माझे जुने फाडू नये. त्यावर एवढेच लिहावे: जोतीराम केरबा पुकळे. पाहा: बना धुळा.

हे न झाल्यास कपाट गुंडाने न्यावे आणि त्यात कोंबड्या पाळाव्यात.

तासगाव, ता. ९ जून १९४६.

सही: जोतीराम केरबा पुकळे

साक्षीदार:
रावसाहेब भाऊसो नाथाजी निकम
(साक्षीदाराने पदवी आधी लिहिली आहे. ती शेवटी वाचावी.)
नानासो जोतिबा कुंभार, पुस्तके बांधणारा

कलम ४ व ५ वाचून दाखवले, कबूल आहे. निशाणी डाव्या अंगठ्याची:
बना धुळा
(नाव तिने स्वतः सांगितले. मी फक्त उतरून घेतले.)