अडतीस माड आणि एक रिकामं आळं

मुंबई,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मोरूकाका,

तुम्हाला आणि कमळाकाकीला इथूनच वाकून नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. काकीने पाठवलेले सोडे पोचले. दीपालीने ते वांग्यात घातले आणि राहीने वांगी बाजूला काढून सोडे तेवढे खाल्ले. तिला सर्दी झाली होती, आता उतरली. काकीचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर तुमच्या मनिषाला कळवायला सांगा.

फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही "घे गो, भावेस हाय" म्हणून तो मनिषाच्या हातात दिलात. पत्र तुमच्या नावाचं आहे, ते तुम्हीच उघडाल.

माझं काम मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही सगळ्या वाडीला सांगता की भावेश मंत्रालयात आहे. मी मंत्रालयात नाही, विधिमंडळाच्या कचेरीत आहे. यंदा आमदारांची एक समिती नेमली आहे. ज्या सरकारी योजनांवर नुसता खर्च होतो आणि लोकांच्या हाती काही लागत नाही, त्या शोधून बंद करायची शिफारस ती करते. ठरवतात आमदार. पण त्याआधी कागद वाचून प्रत्येक योजनेवर टिप्पणी लिहायची ती मी.

आणि काका, हे काम मला मनापासून पटतं. देवरूखच्या पलीकडे एका डोंगरी गावात मासळी ठेवायचं शीतगृह बांधलेलं आम्ही पाहिलं. जिथे मासळी आठवड्यातून एकदा टेम्पोतून येते, तिथे शीतगृह! आत गावाच्या पूजेची पातेली ठेवली होती. लांज्याकडे एका केंद्रात त्याच वीस बायकांना तीन वर्षं काजू सोलायला शिकवत होते. त्यातल्या एकीने शिकवणाऱ्या मुलीलाच काजू सोलून दाखवला. असलं सगळं बंद व्हायला हवं, यात मला आजही शंका नाही.

त्याच यादीत दवाखान्याची होडी होती. सरकारी कागदावर तिचं नाव रुग्णनौका. चार वर्षांत खेपा अकरा आणि डिझेल मात्र पन्नास खेपांचं. कागद समोर आला तेव्हाच मला ठाऊक होतं की ही होडी कोण चालवतं.

गेल्या गुरुवारी समिती तुमच्या धक्क्यावर आली, त्या दिवसाबद्दल आपण बोललेलो नाही. अध्यक्षसाहेब माणूस वाईट नाहीत. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी वाटेच्या कडेने लावलेले लहान माड पाहिले आणि विचारलं, "हे कुठल्या योजनेतले?" तुम्ही म्हणालात, "घरचे हायत सायब." सगळे हसले. मग त्यांनी वही मागितली. साप चावलेला, छातीत कळ आलेला, झाडावरून पडलेला, अशा अकरा नोंदी वाचल्या आणि सरळ विचारलं, "मग बाकीचं डिझेल गेलं कुठे, मोरूभाऊ?"

तुम्ही टोपी हातात घेऊन उभे राहिलात. एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मी हातातले कागद चाळत होतो. त्या कागदांत शोधण्यासारखं काहीही नव्हतं, काका.

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होतो. नात्यातल्या माणसाच्या बाजूने कर्मचाऱ्याने बोलू नये, असा नियम आहे. नियम खरा आहे. पण त्याच नियमात असंही आहे की नातं असेल तर आधी सांगावं आणि फाईल दुसऱ्याकडे द्यावी. ते मी केलं नव्हतं. उलट, उद्या कोणी म्हणू नये की काकाला सांभाळून घेतलं, म्हणून मी टिप्पणीत एक शब्द जास्तीचा घातला. 'इंधनाचा वापर संशयास्पद.' बाकीच्या कुठल्याही योजनेला मी तो शब्द लावलेला नाही. तुम्हाला लावला.

हे लिहायला मला चार दिवस लागले. आता उरलेलंही लिहितो.

राहीच्या वेळी दीपाली बाळंतपणाला तुमच्याकडे होती. तिला सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. रस्त्याने जुन्या पुलावरून रत्नागिरी गाठायला दीड तास लागला असता. तुम्ही न्याहारीचं ताट सरकवून उठलात आणि खाडीत होडी काढलीत. होडीत काकी दीपालीला धरून बसली होती आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून मी नोंदवही पुढे ओढली. सरकारी माणसाची सवय. नाव लिहायला लागलो तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "पान्यावर बायचा नाव लिवायचा नाय. पोर रडू दे पयला."

वाडीत हे पूर्वीपासून चालत आलंय. बाळंतपणाला खाडी ओलांडणारीचं नाव पाण्यावर असताना घ्यायचंसुद्धा नाही, आणि बारशाआधी कुठे लिहायचं नाही. पण बारसं होईतो महिन्याचा कागद सही होऊन गेलेला असतो. तुम्ही मागाहून नोंद चढवत नव्हता, कारण मागच्या तारखेची नोंद म्हणजे खोटी नोंद. डिझेल मात्र थेंबाथेंबाने खरं लिहीत होता. लबाड माणसाने दोन्हीकडे जुळवून टाकलं असतं. तुमच्या खरेपणानेच तुम्ही अडकलात आणि हे वाडीबाहेरच्या एकाच माणसाला कळण्यासारखं होतं. तो माणूस कागद चाळत होता.

बारशाला आलो तेव्हा मी तुम्हाला सांगू शकलो असतो की काका, ही वही एक दिवस कोणीतरी तपासणार, वेगळा रकाना आखून घ्या. तेवढं मला तेव्हाही कळत होतं. पण होडीतून आलेल्या प्रत्येक पोराचा धक्क्याच्या वाटेवर लावतात तसा राहीचा रुजलेला नारळ मी तुमच्या हातात दिला, पेढे खाल्ले आणि दुपारच्या गाडीने निघून आलो.

परवा मनिषाला मी एक काम सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल रागवा. ती धक्क्याच्या वाटेने गेली आणि बारशांचे माड मोजून आली. अडतीस. मग घरोघर फिरून प्रत्येक माड कुणाचा ते लिहून आणलं. एक आळं रिकामं आहे, असं ती म्हणाली. खणलेलं, शेणखत घातलेलं, आणि आत काही नाही. मला ते ठाऊक नव्हतं. मालनचं मूल रडलं नाही, म्हणून तुम्ही तिथे काही लावलं नाहीत आणि ते बुजवलंही नाहीत. मनिषा तिच्या दारावरून न विचारता पुढे जात होती. मालननेच हाक मारली. "माजापन लिव. मी पन गेलंव होडीतना."

काल मी अध्यक्षसाहेबांना लेखी दिलं. नातं सांगितलं, माझ्या बायकोची खेप सांगितली आणि तो जास्तीचा शब्द मी का लिहिला तेही सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं. फाईल माझ्याकडून काढून घेतली आहे आणि मला खुलासा द्यावा लागेल, तो देईन. ते एवढंच म्हणाले, "त्या माडांपाशी मी उभा होतो की हो."

वीस तारखेला तुम्हाला रत्नागिरीच्या विश्रामगृहावर पुन्हा बोलावतील. होडी राहीलच, असं मी सांगू शकत नाही. नवा पूल झाला की ती बंद करावी, असं तुम्ही स्वतःच म्हणाल. पण बंद करायची तर खऱ्या पन्नास खेपा वाचून करावी, आणि तुमच्या नावापुढचा तो शब्द त्याआधी निघावा. त्यासाठी बायकांची नावं तुमच्या तोंडून यायला हवीत. त्या सगळ्या तयार आहेत, अडून आहात ते तुम्ही, असं मनिषा म्हणते. काका, पोरं रडून झाली, चालायला लागली, त्यातली तीन अंगणवाडीत जातात. खाडीही मागे राहिली. आता लिहायला हरकत नसावी.

यादी सोबत जोडली आहे. पहिलं नाव दीपालीचं, ते मी माझ्या हाताने लिहिलंय. शेवटचं मालनचं. वीसला मी रजा काढून येतोय. यावेळी माझ्या हातात कागद नसतील.

तुमच्या होडीतून आलेल्या राहीचा बाप, आणि त्या दिवशी ज्याने तुमच्याकडे पाहिलं नाही तो तुमचा,
भावेश