कालपर्यंतचा ड्रायव्हर

प्रिय बाईसाहेब,

पाकीट बघून घाबरू नकोस. रोज फोन होतो, मग हे पत्राचं काय नवीन खूळ, असं म्हणशील. कारण सांगतो, पण आधी माझ्या डोक्याचा जो भुगा झालाय तो ऐकून घे. तुझा नवरा जन्मभर बस चालवून निवृत्त झाला, घाटातल्या गाड्याही त्याने एका हाताने वळवल्या, आणि इथल्या सरकारच्या मते त्याला गाडीच चालवता येत नाही. हस, पोटभर हस. पहिल्या दिवशी मलाही हसूच आलं होतं.

झालं असं की मी आलो तो पाहुणा म्हणून. पाहुण्याला इथे आपलं तिकडचं लायसन्स चालतं. त्याच्यावरच मी आपल्या चिरंजिवांची गाडी चालवत होतो. सकाळी फिरायला जातो असं तुला सांगायचो ना, ते फिरणं म्हणजे हे. मागे त्याची हत्यारांची पेटी, गॅसची टाकी, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, आणि शेजारी चिरंजीव, मांडीवर डबा घेऊन. आज फुलांच्या दुकानातली थंड खोली गार होत नाही, उद्या औषधांच्या गोदामातला मोठा फ्रिज बंद. तो आत दुरुस्ती करतो, मी बाहेर गाडीत बसून इथलं ते पाणी पितो ज्याला हे लोक चहा म्हणतात. एवढं सामान घेऊन बसने जाता येत नाही. गाडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर त्याचं इथे राहणंच धोक्यात, असा सगळा मामला आहे.

मग मुलाने हौसेने माझ्या रहिवासाचा अर्ज केला. बाबांना सारखं परत जायला लागू नये म्हणून. कार्ड आलं त्या दिवशी त्याने मला कडकडून मिठी मारली. आणि मी शहाणा, दुसऱ्याच दिवशी लायसन्सच्या कार्यालयात गेलो, की आता सगळं इथलंच करून घेऊ. खिडकीतल्या बाईंनी कार्ड पाहिलं, लायसन्स पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की आता तुम्ही पाहुणे नाही, रहिवासी झालात, तेव्हा हे लायसन्स चालणार नाही. काही देशांचं लायसन्स बदलून मिळतं म्हणे. भिंतीवर त्या देशांची यादी होती, ती मी वरून खाली आणि खालून वर वाचली. आपण नाही. मी विचारलं, बाई, कालपर्यंत मला येत होतं, मग एका रात्रीत मी विसरलो का? त्या म्हणाल्या, नियम आहे. परक्याला चालतं आणि घरच्याला चालत नाही, हे कुठलं शास्त्र, तूच सांग! मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा या वयात मी पुन्हा शिकाऊ. लेखी परीक्षा दिली, पास झालो. शिकाऊ माणसाने गाडी चालवताना शेजारी इथलं लायसन्स असलेलं कुणीतरी हवं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगा आहे की! तर सोबत आलेला मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मग ड्रायव्हिंग स्कूलची एक पोरगी लावली. आपली लेक असती तर तिच्याहूनही लहान असेल ती, पण मला ब्रेक कसा दाबायचा ते शिकवायची. मी मुकाट शिकलो. आणि बाई गं, परीक्षेत नापास झालो! प्रत्येक वळणावर हॉर्न दिला म्हणून. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा हे माझ्या हाडात मुरलंय, इथे म्हणे ते शिवी दिल्यासारखं होतं. त्यात मागच्या गाडीला पुढे जा म्हणून खिडकीतून हात काढून दाखवला. परीक्षकाला वाटलं, मी बाहेर कुणाला तरी बोलावतोय. पुढची तारीख थेट उन्हाळ्यात मिळाली आहे. मुलाच्या साहेबाने मात्र गाडीची सोय व्हायला महिनाअखेरपर्यंतच थांबतो असं सांगितलंय. तोवर दुसरा एक कारागीर त्याला नेतो आणतो, पण उपकार केल्यासारखा.

आता तू विचारशील, आणि तुझं विचारणं रास्त आहे, की मुलाला चांगली गाडी येते, त्याच्याकडे लायसन्स आहे, मग तो का चालवत नाही? फोनवर हे सांगता येत नाही, कारण या दोन खोल्यांत तो कायम माझ्या हाताच्या अंतरावर असतो, आणि त्याने मला तुझी शपथ घातली आहे. ती आज मी मोडतोय. मी यायच्या आधी त्याला काम करता करता फिट आली. गोदामात, थंड फरशीवर पडला. म्हणून तर त्याने मला बोलावलं, एकट्याला कंटाळा आलाय म्हणाला, ते खोटं होतं. गोळ्या चालू आहेत, त्यानंतर एकदाही आलेली नाही, देवाशपथ. पण फिट आलेल्या माणसाला इथे वर्षभर स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत, शिकाऊच्या शेजारीही बसू देत नाहीत, आणि ते वर्ष पुरं व्हायला अजून पाच महिने आहेत. आईला कळलं तर ती झोपायची नाही, म्हणतो. मी सहा महिने झोपलेलो नाही, ते त्याला दिसत नाही. रात्री तो कुशीवर वळला तरी मी उठून बसतो. मला एकट्याला हे झेपत नाही गं. तुझी शाळेची व्हॅन तुझ्या भावाकडे दे आणि निघून ये. तुझं लायसन्स चालू आहे, इतकी वर्षं तू लोकांची लेकरं सुखरूप पोचवलीस, आता आपलं पोचव. फक्त पाहुणी म्हणूनच ये, आणि त्याने कितीही प्रेमाने रहिवासाचा अर्ज पुढे केला तरी सही करू नकोस.

तुझाच,
शिकाऊ