सोनेरी जबडा मी घेणार नाही

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. गेल्या पाच आठवड्यांत बावीस चित्रपट थिएटरात बसून पाहिल्यामुळे माझी कंबर धड वाकत नाही की धड सरळ होत नाही. सध्या मी रस्त्याने जाताना भेटेल त्याला अर्धा नमस्कार घालत चाललो आहे असं दिसतं.) तुझा गुडघा कसा आहे? डाव्या डोळ्यातलं पाणी थांबलं का? जिन्यावरचा दिवा बदलून घेतलास, की अजून भिंत चाचपत उतरतेस? तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आणि सविस्तर दे. 'बरं आहे' एवढं लिहून पाठवू नकोस. एका ओळीत पत्र संपवायची सवय तुला अलीकडे लागली आहे आणि ती मला मुळीच आवडलेली नाही. इकडे सगळे खुशाल. तुझी सूनबाईही खुशाल आहे, फक्त ती हल्ली माझ्याशी मध्यंतरातच बोलते, कारण बाकीच्या वेळी मी घरात नसतो किंवा असलो तरी अंदाज बांधत असतो.

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. मी प्रयोगशाळेत होतो. (दवाखान्याच्या मागची ती बिनखिडकीची खोली, तिला प्रयोगशाळा मीच म्हणतो, डॉक्टरीणबाई तिला 'मागची खोली' म्हणतात.) एका कवळीचं मेण तापत होतं, हात भरलेले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच खोकं उघडलं, आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांतून आपला सोनेरी जबडा बाहेर आला. समोरच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. त्याने तो पाहिला आणि तोंड मिटायच्या आधीच विचारलं की सोन्याच्या कवळीला किती दिवस लागतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. जबड्याखाली तुझी चिठ्ठी होती: "यंदापासून मी नाही. पाकिटं फोडणारं माणूसच राहिलं नाही. जबडा तुझा. आशीर्वाद."

आत्या, मला राग आला. आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि राग जास्त टिकला. म्हणून आता जे तुला तोंडपाठ आहे तेच मी पहिल्यापासून सांगणार आहे, आणि तू ते ऐकून घेणार आहेस. हा जबडा मी शिकाऊ असताना प्लास्टरमध्ये ओतला. वरच्या कवळीत चौदा दात बसवायचे असतात, मी पंधरा बसवले. आमचे शिक्षक तो फेकून देणार होते, पण आतोबांनी तो मागून घेतला, त्याला सोनेरी रंग दिला, लाकडाच्या ठोकळ्यावर बसवला आणि जाहीर केलं की चित्रपट पुरस्कारांचे निकाल जो जास्त बरोबर ओळखेल त्याच्याकडे हा वर्षभर राहील. दहा विभाग, दहा गुण. तुझं एक पाकीट, माझं एक पाकीट, दोन्ही चिकटवून आतोबांच्या हवाली. समारंभ झाला की आतोबा पाकिटं फोडणार, गुण मोजणार आणि मला फोनवर निकाल सांगणार. अकरा वर्षं हे चाललं आणि अकराही वर्षं जबडा तुझ्या काचेच्या कपाटातून हलला नाही.

आणि तो कुणी जिंकला? जिला एकाही चित्रपटाचं नाव आठवत नाही तिने! तू पाकिटात 'तो आगबोटवाला', 'ती सारखी दार आपटते ती' असं लिहायचीस आणि आतोबा ते ग्राह्य धरायचे. मी एकेक चित्रपट दोनदा पाहायचो, टिपणं काढायचो. तू थिएटरात पहिली पाटी पडली की डोळे मिटायचीस. सगळं घर म्हणायचं तू झोपतेस. तू म्हणायचीस, मी ऐकते. आतोबा म्हणायचे, पहिला अर्धा तास ऐकते. मग शेवट आला की ते तुला कोपराने ढोसायचे, तू डोळे उघडायचीस, शेवटची दोन मिनिटं बघायचीस आणि बाहेर पडता पडता सांगायचीस की ही बाई घेणार बक्षीस. आणि ती बाई घ्यायची! या गोष्टीचा मला अकरा वर्षं त्रास झालेला आहे. तेव्हा तू आता मैदान सोडणार आणि जबडा मला पार्सलने येणार, हे मला मान्य नाही. मला तुला हरवायचं आहे. पार्सलने मिळालेला जबडा माझ्या कपाटात लागणार नाही.

यंदाचं वर्ष तर असं आहे की डोळे मिटून चालणारच नाही. माझा धंदा तुला माहीत आहे; मी पडद्यावर माणूस पाहत नाही, त्याचे दात पाहतो. वाळवंटवाला घे. नायिका चाळीस दिवस वाळवंटात हरवलेली, ओठ फुटलेले, केसांच्या जटा झालेल्या, आणि ती तोंड उघडते तर आत बत्तीशी कशी? नुकतीच पांढरी करून आणलेली! चाळीस दिवस ती बाई काय खात होती ते दिग्दर्शकाने दाखवलं नाही, पण दात घासत होती एवढं नक्की. तिला नामांकन आहे. मिळणार नाही. राजघराणंवाल्यात चारशे वर्षांपूर्वीचा राजा मरताना हसतो आणि त्याच्या पुढच्या दोन दातांवर चिनी मातीच्या टोप्या मला चौथ्या रांगेतून दिसल्या. (मी मोठ्याने 'टोप्या!' असं म्हणालो. शेजारचे आजोबा मुकुटाबद्दल समजून 'हो, छान आहेत' म्हणाले.) त्याला वेशभूषेचं मिळेल, आणखी काही नाही. तिघं लिफ्टमध्ये अडकतात त्या चित्रपटाला संकलनाचं मिळेल असं सगळे लिहितात, पण एका लिफ्टमध्ये कापायला असतं किती? ते जाणार मोटारींच्या पाठलागवाल्याला.

खरा चित्रपट यंदा एकच: दीपगृहवाला. म्हातारा दीपगृह सांभाळतो, मुलगी त्याच्याशी बोलत नाही. दोन तास चाळीस मिनिटांत एकूण अकरा वाक्यं आहेत (मी मोजली, त्यातलं एक 'दार लाव' आहे), पण त्या नटाचे दात पाहायला हवेस! तीस वर्षं पाइप एकाच बाजूला धरून झिजलेले, डावा सुळा जरा कललेला, खालचे किंचित एकमेकांवर चढलेले. ज्याने कुणी ते बनवले त्याच्या मी पाया पडेन. मी तो चित्रपट तीनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहून दुसऱ्या दिवशी कामावर बसलो ते डोक्यात तेच दात घेऊन. त्या दिवशी मुख्याध्यापकांची कवळी पुरी करायची होती. हे निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे फार कडक गृहस्थ. साच्यासाठी तोंड उघडतानाही ते आपल्यावर उपकार करतात. मी दात लावत गेलो, घासत गेलो, हात फार छान चालला होता. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेतली आणि मला विचारलं की हे काय आहे. मी पाहिलं. मुख्याध्यापकांसाठी मी दीपगृहवाल्याचे दात केले होते. कललेला सुळासुद्धा सोडला नव्हता.

नवी करायला वेळ नव्हता, मुख्याध्यापक बाहेर येऊन बसले होते. डॉक्टरीणबाईंनी मला पुढे ढकललं. मुख्याध्यापकांनी कवळी घातली, आरसा घेतला आणि ओठ वर करून एकेक दात तपासला. माझी नोकरी गेली असं धरून मी मनात अवजारं गोळा करायला लागलो होतो. मग त्यांनी सुळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझा इथला दात असाच होता. तुम्हाला कसं कळलं?" मी खरं सांगितलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आता ते दर दोन दिवसांनी काही काम नसताना दवाखान्यात येतात आणि हसून दाखवतात.

हे तुला एवढ्यासाठी सांगितलं की तुझी पहिली सबब मी निकालात काढली आहे. पाकिटं फोडणारं माणूस मिळालं! मुख्याध्यापकांनी चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत. त्यांना मी सगळे नियम समजावले, त्यांनी ते लिहून घेतले आणि दोन चुका काढल्या. 'दार आपटणारी बाई' असं लिहिलेलं ग्राह्य धरायला ते तयार नव्हते, तासभर वाद घालून तेही कबूल करून घेतलं आहे. अक्षर वाईट असेल तर मात्र अर्धा गुण कापतील. त्यात मला काही करता आलं नाही.

ते आतोबांसारखे नाहीत, हे मला कळतं. निकाल सांगायच्या आधी आतोबा फोनवर उगाच खोकायचे, हवापाणी विचारायचे, माझा जीव टांगणीला लावायचे. मुख्याध्यापक तसलं काही करणार नाहीत. आतोबांना जाऊन दहा महिने झाले, तरी आठवड्याला एकदा तरी मी कुठल्या तरी चित्रपटाबद्दल सांगायला त्यांचा नंबर काढतो, आणि मग तुला लावावा तर तू 'बरं आहे' म्हणून ठेवून देतेस. थिएटरात तू गेलीच नाहीस दहा महिन्यांत, हे शेजारणीने मला सांगितलं. (तिच्यावर रागावू नकोस. मीच खोदून विचारलं.)

आता एक कबुली. तू पाकीट पाठवलंच नाहीस तर तुझ्या वतीने मीच भरावं, असं ठरवून मी तुझी पद्धत करून पाहिली. पहिल्या दिवशी लिफ्टवाल्याला डोळे मिटून बसलो आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागलो. दारावरच्या माणसाने उठवलं तेव्हा थिएटर झाडून झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी बस डेपोवाल्याला गेलो. त्यात एक बाई डेपोत गाड्यांच्या वेळा सांगते आणि हळूहळू तिचा आवाज जातो, एवढीच गोष्ट. आधी उघड्या डोळ्यांनी पाहिला तेव्हा मी त्याला दहात दोन गुण दिले होते, कारण बाई सतत खिडकीमागे, तोंडापुढे माइक, दात दिसतात ते फक्त एकदा. या खेपेला डोळे मिटले. आत्या, ती बाई एकदा 'सात चाळीसची गाडी' म्हणताना 'चाळीस'वर जरा थांबते. एवढंच. मी डोळे मिटूनच रडलो. शेजारच्या अनोळखी बाईंनी माझ्या हातात रुमाल ठेवला, तो अजून माझ्याकडेच आहे. तू अकरा वर्षं खरंच ऐकत होतीस तर! निदान पहिला अर्धा तास.

तेव्हा ठरलं ते असं. समारंभ येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत तुझं पाकीट मुख्याध्यापकांच्या हाती पडलं पाहिजे. माझं पडलेलं आहे. अभिनेता आणि चित्रपट दीपगृहवाला, अभिनेत्री राजघराण्यातली राणी, संगीत वाळवंटवाल्याला. मी काही लपवत नाही. माघार चालणार नाही, आजार चालणार नाही, आणि 'आता काय त्यात' हे तर अजिबात चालणार नाही. सूनबाई तुला नमस्कार सांगते आणि म्हणते की यंदा तरी याला एकदाचं हरवा किंवा जिंकू द्या, पण काहीतरी करा.

तुझा हट्टी भाचा

ता. क. वरचे अंदाज वाचून आपलं पाकीट भरू नकोस. त्यातला निदान एक मी मुद्दाम चुकीचा लिहिला आहे. डेपोवाल्या बाईला नामांकन आहे एवढं लक्षात ठेव. जास्त बोलत नाही.

दुसरा ता. क. पार्सलात जबड्याचा पंधरावा दात तुटला होता. तो बसवताना ठोकळ्याखालचं हिरवं कापड सुटलं. खाली लाकडावर आतोबांच्या अक्षरात पेन्सिलीने अकरा वर्षांचे गुण लिहिलेले आहेत. सातव्या वर्षापुढे असं आहे: "भाचा सात, ही पाच. फोनवर हिचे आठ सांगितले. हिचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. भाचा तरुण आहे, त्याला पुढे खूप वर्षं आहेत." तू काय लिहिलं होतंस ते तुला कधीच आठवत नसे, म्हणून हे खपलं. म्हणजे एक वर्ष हा जबडा हक्काने माझा होता, आत्या, आणि तुझं निर्विवाद राज्य आता निर्विवाद राहिलेलं नाही. नाव साफ करायचं असेल तर यंदाच करायला हवं.

तिसरा ता. क. हे मी रचलं असं तू म्हणशील, मला माहीत आहे. ठोकळा मी पाठवणार नाही. अक्षर बघायचं असेल तर स्वतः ये. पाकीटही येताना हातातच घेऊन ये. बस डेपोवाल्याची शुक्रवार दुपारची दोन तिकिटं काढली आहेत, कडेच्या खुर्च्या, तुला पाय लांब करता येतील. तू खुशाल डोळे मिट. शेवट आला की कोपराने ढोसायचं काम आता माझं.