सोळा तास निळा उजेड

३ मार्च, मंगळवार
आजही एकच ठिपका! बाटलीतला थेंब पट्टीवर टेकवला, वाट पाहिली — एकच. म्हणजे एकच पदार्थ, भेसळ नाही. सहा कार्बनांच्या कड्यावर नायट्रोजनचा अमिनो गट हव्या त्याच कोपऱ्यात बसला, बाकीच्या कोपऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ना भट्टी, ना जहाल आम्लं. संध्याकाळी पाचला निळा दिवा लावायचा, साडेपाचला घरी. सकाळी नऊला बाटली उचलायची. सोळा तास उजेड, काम फत्ते!

शाळेतली नोकरी सोडून बेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला बसले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "हे काय आता नवीन खूळ!" म्हणू देत. मी मजेत आहे.

५ मार्च
ह्यांनी विचारलं, "सगळं दिवाच करतो, मग तू काय करतेस?"
"मी दिवा लावते!"
हसता हसता दूध उतू गेलं.

१० मार्च, मंगळवार
ह्या कृतीवरचा आमचा लेख छापण्याआधी संपादकांनी कृती दुसऱ्या प्रयोगशाळेला करून बघायला दिली होती. त्यांचं पत्र आलं. सांगितल्याप्रमाणे सोळा तास उजेड दिला — आणि ठिपके तीन! एकाच कड्याला दोन-दोन अमिनो गट चिकटलेत.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "महिनाअखेर उलगडा झाला नाही तर लेख मागे घ्यावा लागेल." म्हणजे प्रबंधही गेला. चार वर्षं पाण्यात. सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी त्यांच्यासमोर मान वर होईना.

मी खोटं लिहिलेलं नाही. देवाशपथ नाही.

१५ मार्च, रविवार
शनिवार-रविवार सगळ्यांनाच सुट्टी, एरवी मी फिरकत नाही. पण काल पाचला दिवा लावून आले, आज नऊला गेले. इमारतीत चिटपाखरू नाही.

तीन ठिपके. माझ्याच हातून!

जेवण गेलं नाही. भांडी ह्यांनी घासली.

१६ मार्च, सोमवार
सरांना वाटतं, सुट्टीत कुणीतरी दिवा घालवला असणार. त्यांनी कागद चिकटवलाय, ठळक अक्षरात — 'हा दिवा कोणीही बंद करू नये.' आज पुन्हा लावून आले.

१७ मार्च
पुन्हा तीन. स्टुलावर बसून रडत होते. झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या, दारातच घुटमळल्या.

"ताई, कागद वाचला. काल नाही हो बंद केला. पण इतके दिवस करत होते, ते चुकलं का?"

"किती दिवस?"

"पहिल्यापासूनच. साडेसहाला कुलूप लावताना बंद, सकाळी तुम्ही यायच्या जरा आधी चालू. फुकट कशाला जळायचा!"

पाच ते साडेसहा. दीड तास, वर सकाळची चार-पाच मिनिटं! सोळा नव्हेच! पुढच्या उजेडानंच तो दुसरा गट चिकटत होता. कृती खरी आहे, फक्त तास चुकले. माझी कृती खरी आहे!

मी मावशींच्या गळ्यात पडले, केरसुणीसकट.